दुसरी प्रणाली काढल्यावर बंद पडलेला लॅपटॉप : कार्यकारणभावाचा एक पाठ

इतिहासाचे अध्यापन करणाऱ्यांनी संगणकाच्या दुरुस्तीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु इतिहास कागदपत्रांवर उभा राहतो, आणि आज आपल्या समाजाची कागदपत्रे ट्रंकेत कमी व लॅपटॉपमध्ये अधिक आहेत. जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, लग्नाची छायाचित्रे, १९५६ च्या धम्मदीक्षेला नागपुरास गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणी, हे सारे एका लहानशा यंत्रात साठलेले असते. ते यंत्र एका सकाळी सुरूच झाले नाही, तर काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

लहान लॅपटॉप आपल्याकडे नवे नाहीत. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा येथील शाळेत मुलांच्या हाती असे लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला, आणि त्याच वर्षी आसुस कंपनीचा ईईई पीसी बाजारात आला. तेव्हापासून जुनी, स्वस्त, कमी क्षमतेची यंत्रे वस्तीवस्तीत पोहोचली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्यामुळे अशा यंत्रांत विंडोजच्या जोडीला लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवण्याचे प्रमाण वाढले. पुढे जागा अपुरी पडते, लिनक्सचा विभाग पुसला जातो, आणि लॅपटॉप सुरू होईनासा होतो.

असाच एक लॅपटॉप आमच्या इतिहासाच्या वर्गात होता. एका माजी विद्यार्थ्याने तो भेट दिला होता आणि त्यात वडीलधाऱ्यांच्या आठवणी मुद्रित केलेल्या होत्या. बोलणाऱ्यांपैकी काही जण आज हयात नाहीत. दुकानात उत्तर मिळाले, "फॉरमॅट मारावा लागेल, आतले सगळे जाईल." हे उत्तर मान्य करण्यापूर्वी ते तपासणे आवश्यक होते. केवळ कोणी जाणकार सांगतो म्हणून मानू नका, पडताळून पाहा, हीच तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आहे.

धम्मात दुःखाचा विचार चार पायऱ्यांनी होतो : दुःख आहे, त्यास कारण आहे, कारण दूर होऊ शकते, आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. बिघडलेल्या यंत्राकडेही याच क्रमाने पाहता येते.

प्रथम लक्षण. कळ दाबताच दिवा लागतो, पंखा फिरतो, कंपनीचे चिन्हही दिसते. नंतर काळ्या पडद्यावर विभाग सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' हे शब्द उमटतात. याचा अर्थ यंत्राचे अवयव शाबूत आहेत. बिघाड सुरुवातीच्या निरोपात आहे.

आता कारण. जुन्या पद्धतीच्या यंत्रात कळ दाबल्यावर बायोस हा मूलभूत कार्यक्रम जागा होतो आणि डिस्कचा पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा अवघ्या ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइटांत प्रारंभाच्या सूचना, ६४ बाइटांत डिस्कच्या चार मुख्य विभागांचा तक्ता, आणि शेवटच्या २ बाइटांत ओळखखूण असते. लिनक्स बसवताना 'ग्रब' नावाचा कार्यक्रम त्या सूचनांची जागा घेतो. एवढ्या लहान जागेत तो पूर्ण मावत नाही. म्हणून त्याचा उरलेला भाग आणि कोणती प्रणाली सुरू करावी याची यादी लिनक्सच्या विभागात राहते. एखाद्या शाळेच्या फाटकावरील पहारेकऱ्याला सांगून ठेवावे की, येणाऱ्या प्रत्येकाला मागच्या इमारतीतील कार्यालयात पाठव, आणि मग ती इमारतच पाडावी, तसे हे घडते. पहारेकरी जागेवर आहे, वर्गही भरलेले आहेत, पण वाट दाखवणारे कार्यालय नाही. विंडोज आणि आपल्या फायली आपापल्या विभागात सुरक्षित असतात. म्हणूनच फॉरमॅट हा या दुखण्याचा इलाज नव्हे.

मार्गाची पहिली पायरी म्हणजे फायलींची प्रत काढणे. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करावा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. या लहान यंत्रांत बहुधा सीडीची सोय नसते. पेनड्राइव्ह निवडण्यासाठी कंपनीनुसार एफ२, एफ९, एफ१२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक कळ लागते. लिनक्स न बसवता नुसते चालवून पाहण्याचा पर्याय घ्यावा आणि सर्व महत्त्वाचे बाहेरच्या डिस्कवर उतरवावे.

दुसरी पायरी, यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे हे ओळखणे. प्रारंभाच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' हे नाव दिसले, तर यंत्र यूईएफआय या नव्या पद्धतीचे आहे. तेथे पहिल्या कप्प्याऐवजी एका स्वतंत्र लहान विभागात प्रत्येक प्रणालीचा प्रारंभ-कार्यक्रम असतो, आणि लिनक्स पुसले तरी त्याचे नाव यादीत पहिले राहते. 'विंडोज बूट मॅनेजर'ला पहिला क्रमांक देऊन बदल जतन करावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकांची किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

यंत्र जुन्या पद्धतीचे असेल, तर विंडोजचा पेनड्राइव्ह लागतो. मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने तो किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार होतो. त्यावरून यंत्र सुरू केल्यावर 'इन्स्टॉल'ला हात लावू नये. दुरुस्तीचा पर्याय घेऊन कमांड प्रॉम्प्टपर्यंत जावे. तेथे इंग्रजी अक्षरांत 'बूटरेक', मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'फिक्सएमबीआर' असे टंकावे. ही आज्ञा पहिल्या कप्प्यातील सूचना नव्याने लिहिते, विभागांच्या तक्त्याला मात्र धक्का लावत नाही. पहारेकऱ्याला नवा पत्ता मिळतो. यंत्र तरीही सुरू न झाल्यास त्याच रीतीने 'फिक्सबूट' आणि 'रीबिल्डबीसीडी' या आज्ञा द्याव्यात. दुसरी आज्ञा डिस्कवरील विंडोज शोधून प्रारंभाची यादी पुन्हा रचते. 'डिस्कपार्ट' या साधनातील 'क्लीन' ही आज्ञा मात्र चुकूनही देऊ नये, कारण ती विभागांचा तक्ताच पुसून टाकते.

लहान लॅपटॉपबाबत आणखी एक अडचण ध्यानात ठेवावी. ॲटम प्रोसेसरच्या काही यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटांचा, पण यूईएफआय ३२ बिटांचे असते. अशा यंत्राला ६४ बिटांचा विंडोज पेनड्राइव्ह दिसतच नाही, आणि यंत्र मेले असा समज होतो. विंडोज १० चा ३२ बिटांचा पेनड्राइव्ह दिल्यास ते प्रतिसाद देते.

आमच्या वर्गातील लॅपटॉप जुन्या पद्धतीचा निघाला. प्रत काढून झाल्यावर नववीच्या विद्यार्थिनींनी स्वतः आज्ञा टंकल्या, आणि विंडोज सुरू झाले. एकही मुद्रण गेले नाही. त्यांच्या वहीत आता हा नियमही आहे : दुसरी प्रणाली काढायची असेल, तर आधी प्रारंभाची सूत्रे विंडोजकडे सोपवावीत आणि मगच तिचा विभाग पुसावा.

पुण्यात संगणकाचे सुटे भाग घ्यायला लोक बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जातात. त्याच पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. अक्षर हे काही थोड्यांचेच, हा समज त्या शाळेने मोडला. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा गरीब मुलाला नुसती वही नव्हे, तर शिकण्यासाठी जागा हवी, हे ओळखले. आज यंत्राचे ज्ञान काही थोड्यांपाशीच आहे असा नवा समज रुजतो आहे, आणि त्याची किंमत फॉरमॅटच्या पैशांत व हरवलेल्या आठवणींत आपणच मोजतो. दुकानदाराचा अनादर करण्याचे कारण नाही. मात्र त्याला योग्य प्रश्न विचारता येण्याइतके ज्ञान आपल्या घरी असले पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. जुना लॅपटॉप विद्यालयाला द्यावयाचा असेल, तर त्यासोबत नाव लिहिलेले दोन पेनड्राइव्ह द्यावेत, एक लिनक्सचा आणि एक विंडोजचा. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी मुद्रित केल्या असतील, तर त्या एकाच यंत्रात ठेवू नयेत. एक प्रत घरी, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक विद्यालयाच्या संग्रहात असावी. यंत्र दुरुस्त करता येते, किंवा दुसरे आणता येते. गेलेल्या माणसाचा आवाज मात्र पुन्हा मुद्रित करता येत नाही.