गावतळ्यावरील पाठ व मत्स्यशास्त्राची वाट

खानदेशातील शिक्षकाने समुद्रविज्ञानाकडे मुलांचे लक्ष वेधावे, असे म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतील किती मुलांनी समुद्र पाहिला असेल? तथापि, चांगदेवजवळ पूर्णेस व मुडावदजवळ पांझरेस पोटात घेणारी आपली तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रासच मिळते. शिवाय मत्स्यशास्त्र हे केवळ खाऱ्या पाण्याचे शास्त्र नव्हे. गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन हा त्याचा मोठा भाग होय, आणि त्याची प्रयोगशाळा गावोगावी आहे.

हे मला उशिरा उमगले. नोकरीच्या आरंभी तापीकाठच्या एका शाळेत मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील एक मुलगा माझ्या वर्गात होता. तो नेहमी उशिरा येई व मी त्यास उभे करीत असे. एकदा चित्रातील मासा दाखवून मी ‘हा कटला’ असे सांगितले. तो चटकन म्हणाला, “गुरुजी, हाऊ कटला नही!” कटल्याचे तोंड वर वळलेले असते, मृगळाचे खाली, हे त्याने मला फळ्यावर काढून दाखविले. वर तोंड असलेला मासा पृष्ठभागाजवळचे खाद्य टिपतो, खाली तोंड असलेला तळचे. रोहू मधल्या थरात चरतो. म्हणूनच या तिन्ही जाती एका तळ्यात एकत्र वाढविता येतात. मिश्र मत्स्यसंवर्धनाचे सूत्र त्या मुलापाशी होते आणि हजेरीपटावर मी त्याच्यापुढे लाल रेघा ओढीत होतो. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

पाचवीपासूनच्या वर्गांस सकाळच्या शाळेत एकदा तळ्यावर न्यावे. सूर्योदयाच्या सुमारास मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना कधी कधी दिसतात. का, ते मुलांनाच विचारावे. दिवसा पाणवनस्पती प्राणवायू सोडतात. रात्री मात्र वनस्पती व मासे दोघेही तो वापरतात, त्यामुळे पहाटे त्याचा साठा सर्वांत कमी असतो. तळ्यात सांडपाणी शिरून शेवाळ माजले की ही टंचाई वाढते.

दुसरा प्रयोग डब्याच्या झाकणाचा. त्यावर काळे व पांढरे असे आलटून पालटून चार भाग रंगवावेत, खाली वजन बांधावे व गाठी मारलेल्या दोरीने ते पाण्यात सोडावे. झाकण दिसेनासे होईल ती खोली म्हणजे पाण्याची पारदर्शकता. समुद्रावरील शास्त्रज्ञही अशीच तबकडी वापरतात. दोरी शिक्षकाने घाटाच्या पायरीवरून सोडावी; मुलांनी नोंद करावी. कोणीही पाण्यात उतरू नये, सोबत दुसरा शिक्षक वा पालक असावा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर मात्र मुळीच जाऊ नये. त्याच्या निसरड्या उतारावरून पोहणाऱ्यासही वर येणे कठीण जाते.

१० जुलै हा दिवस या विषयासाठी राखून ठेवावा. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात आपोआप अंडी घालीत नाहीत; त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज पुराच्या नदीतून गोळा करावे लागे. १९५७ साली याच तारखेस कटक येथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले. राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच स्मरणार्थ पाळला जातो.

पालक विचारतील, पुढे काय? बारावी विज्ञानानंतर मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर व उदगीर येथे महाविद्यालये आहेत. उच्च शिक्षणास मुंबईत वर्सोव्याची, १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. समुद्राची ओढ असणाऱ्यांस गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ठाऊक असावी. गणित-विज्ञानाची भीती पाचवीतच घालविली नाही, तर ही नावे सांगून उपयोग नाही.

यंदा शाळाभेटीच्या वेळी टाचणवहीबरोबर तळ्याच्या नोंदींची वहीही मी पाहावयास मागणार आहे.