अमूर्त शिल्पाची घडण : एका विद्यार्थिनीचे चिंतन

प्रस्तावना

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा पुतळा उभा राहतो. घोड्यावर बसलेला राजा, हात उंचावलेला नेता किंवा गाभाऱ्यातील देवतेची मूर्ती, ही सारी मूर्त शिल्पे होत. ज्या शिल्पात ओळखीची आकृती नसते आणि रेषा, पृष्ठभाग, रंग व अवकाश यांच्याद्वारेच भाव व्यक्त होतो, त्यास अमूर्त शिल्प म्हणतात. अशा शिल्पापुढे उभे राहिल्यावर ‘यात काय दाखवले आहे?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. शिल्प घडत असताना कलावंताने काय स्वीकारले आणि काय नाकारले, हे समजले की त्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. प्रस्तुत पाठात आपण अमेरिकेतील एका विद्यार्थिनीचा असा विचारप्रवास पाहणार आहोत.

मूलपाठ

व्हिएतनामचे युद्ध १९७५ मध्ये संपले. त्यात अमेरिकेचे अठ्ठावन्न हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले अथवा बेपत्ता झाले. या युद्धाविषयी त्या देशात तीव्र मतभेद होते. परतलेल्या सैनिकांच्या वाट्याला सन्मानापेक्षा उपेक्षाच अधिक आली. युद्धात जखमी झालेले जॅन स्क्रग्ज आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये लोकवर्गणीतून स्मारक उभारण्याचे ठरवले. वॉशिंग्टन शहरात जागा मिळाल्यावर सर्वांसाठी खुली स्पर्धा जाहीर झाली. स्मारकाने मनुष्याला अंतर्मुख करावे, परिसराशी त्याचा मेळ असावा, त्यावर मृत व बेपत्ता व्यक्तींची सर्व नावे असावीत आणि युद्धाच्या बाजूने वा विरोधात त्याने काही सांगू नये, अशा अटी होत्या.

माया लिन या वेळी येल विद्यापीठात वास्तुकलेचे शिक्षण घेत होत्या. चीनमधून आलेल्या आईवडिलांच्या या कन्येचा जन्म १९५९ मध्ये ओहायो राज्यात झाला होता. मृतांच्या स्मरणार्थ उभारल्या जाणाऱ्या वास्तूंचा अभ्यास हा त्यांच्या वर्गाचा विषय होता. म्हणून या स्पर्धेचे संकल्पन हाच वर्गाचा स्वाध्याय ठरला.

युद्धाच्या राजकारणाचा अभ्यास त्यांनी हेतुपुरस्सर टाळला. राजकारणाच्या गदारोळात मेलेली माणसे झाकोळून जातात, असे त्यांना वाटत होते. त्यांच्या विद्यापीठातील एका दालनात युद्धांत बळी पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे भिंतींवर कोरलेली होती. तेथून जाताना त्या नावांना स्पर्श केल्यावाचून त्यांना राहवत नसे. नाव हेच माणसाचे सर्वांत नेमके स्मारक आहे, ही जाणीव त्यांच्या मनात तेव्हापासून रुजली.

१९८० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी नियोजित जागा पाहिली. ते एक शांत, हिरवे उद्यान होते. हिरवळीवर काही उभारून ते सौंदर्य बिघडवावे, असे त्यांना वाटेना. जमीन सुरीने चिरावी आणि उघडावी, अशी कल्पना त्यांच्या मनात आली. चिरलेली जागा सुरुवातीला जखमेसारखी दिसेल. काळाच्या ओघात तिच्यावर गवत उगवेल. परंतु कापलेली कड मात्र तशीच राहील. प्रियजनांच्या वियोगाचे दुःखही असेच असते. ते भरून येते, पण पुसले जात नाही.

परतल्यावर त्यांनी कल्पना कागदावर उतरवली. ती त्यांना फारच साधी, जवळजवळ अपुरी वाटली. म्हणून स्मारकाकडे नेणाऱ्या काही मोठ्या सपाट शिळा जोडून पाहाव्यात, असे त्यांनी योजले. परंतु त्या शिळा उपऱ्या वाटू लागल्या. मूळ आकार इतका साधा होता की त्यात काहीही मिळवले तरी त्याचे बळ उणेच होत होते. शिळा गळाल्या आणि केवळ एका कोनात मिळणाऱ्या दोन भिंती उरल्या. त्यांपैकी एक वॉशिंग्टन यांच्या स्मारकाकडे आणि दुसरी लिंकन यांच्या स्मारकाकडे रोखलेली होती. आता त्या कोनालाही अर्थ आला.

यानंतरचा प्रश्न नावांच्या क्रमाचा होता. वर्णानुक्रम सोयीचा खरा. परंतु त्याने एकाच नावाच्या अनेक व्यक्ती एका रांगेत येऊन स्मारकाला दूरध्वनी-पुस्तिकेचे रूप आले असते. माया लिन यांनी कालानुक्रम निवडला. जे एकाच दिवशी पडले, ते भिंतीवरही शेजारी राहिले. नावांचा आरंभ दोन भिंती मिळतात तेथे होतो. ती उजव्या भिंतीच्या टोकापर्यंत जातात, डाव्या भिंतीच्या टोकापासून पुन्हा सुरू होतात आणि कोनापाशीच संपतात. अशा रीतीने पहिला बळी व अखेरचा बळी एकमेकांजवळ येतात आणि युद्धाचे वर्तुळ पूर्ण होते.

याच सुमारास त्यांनी वर्गात फ्रान्समधील थिएपव्हाल येथील युद्धस्मारकावरील व्याख्यान ऐकले. त्या स्मारकावर बहात्तर हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावे आहेत. त्याचे वास्तुकार एडविन लट्येन्स होते. दिल्लीचे इंडिया गेटही त्यांचेच, आणि त्यावरही सैनिकांची नावे कोरलेली आहेत. नावांमधून चालत जाताना हानीची जाणीव होत जाते, हे सूत्र माया लिन यांना आपल्या कल्पनेच्या जवळचे वाटले.

चित्रे काढण्यापेक्षा निवेदन लिहिण्यास त्यांना अधिक वेळ लागला. आकृती पाहून काही समजणार नाही, ती शब्दांनीच उलगडावी लागेल, हे त्यांनी ओळखले होते. स्पर्धेत १,४२१ संकल्पने आली. स्पर्धकांची नावे परीक्षकांपासून गुप्त ठेवून प्रत्येकाला क्रमांक दिलेला होता. १९८१ च्या मे महिन्यात १०२६ क्रमांकाची निवड जाहीर झाली, तेव्हा विजेती एकवीस वर्षांची विद्यार्थिनी असल्याचे सर्वांना कळले.

यानंतर खरी कसोटी सुरू झाली. पुतळा नाही, ध्वज नाही, दगडही काळा. हा सैनिकांचा अपमान आहे, असे काही जण म्हणू लागले. काळा रंग लज्जेचा नव्हे, असे जॉर्ज प्राइस या कृष्णवर्णीय सेनाधिकाऱ्याने एका सभेत ठणकावून सांगितले. अखेरीस तडजोड म्हणून तीन सैनिकांचे पुतळे व ध्वजस्तंभ उभारण्याचे ठरले. परंतु ते भिंतींपासून काही अंतरावर. भिंतींच्या मूळ रूपाला धक्का लागला नाही.

या भिंतींचा काळा ग्रॅनाइट आपल्या देशातील बंगळूर येथून गेला. प्रत्येक भिंत सुमारे २४७ फूट लांब आहे. टोकाशी तिची उंची जेमतेम आठ इंच असून कोनाजवळ ती दहा फुटांहून थोडी अधिक होते. दगडाला आरशासारखी झिलई आहे. त्यामुळे नावे वाचणाऱ्याला त्यांच्यामध्ये स्वतःचा चेहरा दिसतो.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी स्मारकाचे लोकार्पण झाले. तेव्हापासून लोक येतात, आपल्या माणसाचे नाव शोधतात, त्यावर बोटे फिरवतात, कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतात. भिंतीच्या पायथ्याशी फुले आणि पत्रे ठेवतात. शोक कसा करावा हे ती भिंत कोणालाही सांगत नाही. म्हणूनच प्रत्येकाला तेथे आपला शोक व्यक्त करता येतो. अमूर्त शिल्पाचे सामर्थ्य नेमके यात आहे.

शब्दार्थ

अमूर्त – ज्यात ओळखीचा आकार नाही असे
अवकाश – मोकळी जागा, पोकळी
संकल्पन – आराखडा, रचनेची योजना
कालानुक्रम – घटना घडल्याच्या काळानुसार लावलेला क्रम
झिलई – घासून आणलेली चकाकी

स्वाध्याय

१. जमीन चिरण्याच्या कल्पनेतून माया लिन यांना काय सुचवायचे होते?
२. सपाट शिळा गाळल्यामुळे संकल्पनाला कोणता लाभ झाला?
३. नावांसाठी वर्णानुक्रमाऐवजी कालानुक्रम का निवडला, ते सकारण लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या घटनेचे स्मारक पुतळा न वापरता कसे करता येईल? आकार, साहित्य व जागा यांचा विचार करून दहा ओळींत निवेदन लिहा.