बेस गिटार : खालच्या सुरांचा थोडा अभ्यास

गेल्या महिन्यात गायकवृंदाच्या बैठकीत नव्या बेस गिटारचा विषय निघाला. आपली बेस गिटार जुनी झाली आहे, रंग उडाला आहे, तारा काळ्या पडल्या आहेत, तेव्हा नाताळापूर्वी नवी, चांगल्या कंपनीची, पाच तारांची घ्यावी, अशी काहींची मागणी होती. चर्चा पैशांवरून सुरू झाली आणि पैशांवरच संपली असती. पण ती वाजवणारा मुलगा मध्येच म्हणाला, “नवी घेतलीत तरी काय? मी वाजवतो ते ऐकतं कोण? एक रविवार आलो नाही तरी कुणाला कळणार नाही.” त्यावर आमच्यापैकी कुणालाच चटकन उत्तर सुचले नाही. म्हणून आम्ही थोडी माहिती जमवली, दोन-चार जाणत्या वादकांशी बोललो. जे हाती आले ते सर्वांसाठी येथे देत आहोत.

प्रथम वाद्याची ओळख. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार. साध्या गिटारच्या वरून जाड असलेल्या चार तारांचे जे सूर, तेच बेसच्या चार तारांचे, पण एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आपल्या गायकवृंदातील सर्वांत खर्जाचा पुरुष गायकही तिथवर उतरत नाही. एवढा खालचा सूर नीट उमटावा म्हणून तारही लांब लागते. नेहमीच्या बेसची तार ३४ इंचांची असते, साध्या गिटारची पंचवीस इंचांच्या आसपास.

आता तो मुलगा म्हणाला त्या गोष्टीकडे वळू. एक प्रयोग करून पाहा. तिघांनी मिळून सा, ग आणि प हे तीन सूर एकदम धरावेत. कीबोर्डवर खाली डाव्या हाताने सा वाजवावा. ऐकायला कसे प्रसन्न, स्थिर वाटते. गाणाऱ्यांनी आपला सूर तसाच धरून ठेवायचा आणि डाव्या हाताने फक्त सा सोडून त्याखालच्या ध वर जायचे. गाणाऱ्यांनी काहीच बदललेले नाही, तरी सगळे गाणे एकदम उदास होते. हे कुणी केले? खालच्या एका सुराने. ऐकणाऱ्याला बेस वेगळा ओळखू येत नाही हे खरे, पण वरचे सूर कसे ऐकू यावेत हे बेस ठरवतो. ड्रमच्या पायाच्या ठोक्याशी त्याची जोडी जमली की गाणे चालू लागते. नाहीतर सगळे जण आपापल्या घाईने धावतात आणि अंतरा येईपर्यंत ताल कुठल्या कुठे गेलेला असतो. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

दुसरे असे की आजकाल मुले गाणी मोबाइलवर ऐकून बसवतात. मोबाइलचा स्पीकर बोटाच्या पेराएवढा. एवढे खालचे सूर त्यातून जवळजवळ निघतच नाहीत. म्हणजे जो भाग वाजवायचा, तोच ऐकू न येता गाणे बसवले जाते. मग बेस वाजवणारा मुलगा अंदाजाने गिटारच्याच कॉर्डचा पहिला सूर ठोकत राहतो आणि कंटाळतो. त्याचा दोष नाही. हेडफोन लावून ऐकले तर त्याच गाण्यात दुसरेच गाणे सापडते.

हे वाद्य फार जुने नाही. पूर्वी खालच्या सुरांसाठी माणसाच्या उंचीचा डबल बेस असे. तो गाडीच्या टपावर बांधून न्यावा लागे आणि तुतारीवाल्यांच्या व विजेच्या गिटारच्या आवाजापुढे ऐकू येत नसे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी बेस गिटार बाजारात आणली. तिच्या दांड्यावर पट्ट्या होत्या, त्यामुळे बोट ठेवले की सूर नेमका लागे. म्हणूनच तिचे नाव ‘प्रिसिजन’ ठेवले, म्हणजे नेमकेपणा. आज आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये दिसते तिचा मूळ आराखडा हाच.

याच प्रिसिजनवर ज्याने सर्वांत मोठे काम केले, त्या माणसाची हकीकत आपल्या मुलांनी वाचावी असे आम्हांला वाटते. जेम्स जेमरसन यांचा जन्म १९३६ साली अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील एडिस्टो बेटावर झाला. आई कामासाठी उत्तरेला डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात गेली आणि १९५४ साली तेही तिच्याकडे गेले. शाळेत त्यांच्या हाती डबल बेस आला. पुढे रात्री क्लबांत जॅझ वाजवू लागले. १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याच शहरात रेकॉर्ड कंपनी काढली. हीच पुढे मोटाउन म्हणून जगभर गाजली. एका साध्या राहत्या घरात स्टुडिओ केला होता. दिवसा तिथे ध्वनिमुद्रण आणि रात्री क्लबात वाजवणे, असे जेमरसन यांचे वर्षानुवर्षे चालले. ‘माय गर्ल’ हे १९६४ चे गाणे आपल्यापैकी अनेकांनी लग्नात ऐकले असेल. त्याची सुरुवात बेसनेच होते. काळजाच्या ठोक्यासारखे ते सूर जेमरसन यांचे आहेत.

आता त्यांचे सामान पाहा. बैठकीतील चर्चेशी याचा थेट संबंध आहे. १९६२ ची एक प्रिसिजन, चार तारांची. तारा जाड आणि चपट्या वेटोळ्याच्या, म्हणजे ज्यांच्यावर गुंडाळलेली धातूची पट्टी सपाट असते आणि आवाज घुमटलेला, मऊ येतो. तुटल्याशिवाय ते तार बदलत नसत. तारेवरची मळकट थर हाच आवाजाचा प्राण, असे ते मानत. तारा दांड्यापासून इतक्या उंच ठेवलेल्या की दुसऱ्याला दाबताना बोटे दुखावीत. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, म्हणजे सूर फार लांबत नाही. आणि उजव्या हाताचे एकच बोट, तर्जनी. बाकीचे वादक दोन-तीन बोटे वापरतात. क्लबात ते एक पेटीवजा अ‍ॅम्प्लिफायर वापरत, पण स्टुडिओत तोही नसे. वायर सरळ मुद्रणाच्या यंत्राला जोडलेली. झाले, एवढेच. या एवढ्यावर त्यांनी जे वाजवले ते जगभरचे बेसवादक आजही सुरावट लिहून काढून अभ्यासतात. सांगायचे असे की काळ्या पडलेल्या तारा हे नवी गिटार घेण्याचे कारण होऊ शकत नाही. पाचवी तार तर आपल्या भक्तिगीतांत वर्षातून दोनदा लागेल.

पण त्यांची हकीकत इथे संपत नाही. मोटाउनच्या तबकड्यांवर गायकांची नावे छापलेली असत, वादकांची नसत. वादकांना कामाची मजुरी मिळे, विक्रीतला वाटा नाही. १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जेमरसन यांचे नाव आले, तोवर त्यांची दहा-बारा वर्षे अशी बिननावाची गेली होती. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला हलली. तेही मागोमाग गेले, पण तिथे नव्या धाटणीचा, टणटणीत आवाज हवा होता आणि त्यांना आपल्या तारा बदलायच्या नव्हत्या. काम कमी होत गेले. दारू आधीपासून होतीच, ती वाढली. १९८३ च्या ऑगस्ट महिन्यात ते वारले, वय ४७. त्याआधी थोडेच दिवस ती १९६२ ची बेस त्यांच्या घरातून चोरीला गेली होती. २००० साली त्यांचे नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नोंदवले गेले आणि २००२ साली त्या वादकांवर एक माहितीपट निघाला. तोवर सतरा ते एकोणीस वर्षे उलटली होती.

आपल्याकडे फार वेगळे नव्हते. मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत गोव्याचे कितीतरी ख्रिस्ती वादक आयुष्यभर वाजवीत राहिले आणि त्यांची नावे क्वचितच कुठे छापली गेली. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोचले ते १९७७ च्या चित्रपटातील एका विनोदी गाण्यामुळे, आणि तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते घातले म्हणून.

आमच्या गायकवृंदातील दोन-तीन मुले लग्नसराईत बँडबरोबर जातात. घरच्यांना काळजी वाटते, ती रास्त आहे. या कामाचे स्वरूप नीट माहीत असावे म्हणून थोडे लिहितो. लोकांना दिसते ते तीन तासांचे वाजवणे. प्रत्यक्षात मुलगा दुपारी तीनला घर सोडतो, टेम्पोतून स्पीकर उतरवतो, वायरी जोडतो, आवाज तपासतो, मग दोन तास नुसता बसतो. नवरा-नवरी येतात, ग्रँड मार्च होतो, नाच सुरू होतो. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक कायद्याने रात्री दहाला बंद करायचा असतो, यजमानांना ‘अजून एक गाणं’ हवे असते, आणि पोलीस आले की बोलणी बसतात ती बँडला. नंतर सगळे पुन्हा टेम्पोत भरायचे. सकाळी सातच्या मिस्साला तो झोपाळलेला दिसला तर कारण हे आहे.

चार किलोच्या आसपासचे वाद्य तीन-चार तास एकाच खांद्यावर असते. अरुंद पट्टा घेऊ नये, रुंद घ्यावा. दोनशे रुपये वाचवून पाठ गमावण्यात अर्थ नाही. दुसरे, कान. बेसवाला नेहमी ड्रमच्या शेजारी उभा असतो. जाणकार सांगतात की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो, पण त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो. हिशेब केला तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. बँडच्या मंचावर १०० डेसिबल ही काही नवलाची गोष्ट नाही. कानात घालायचे बोळे औषधाच्या दुकानातही मिळतात. ते घालणाऱ्याला बाकीचे हसतात, हसू द्यावे. गेलेले कान परत येत नाहीत.

तिसरी गोष्ट यजमानांसाठी. वादकाला मंचावर ग्लास आणून देणे आपल्याकडे पाहुणचार समजतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला रात्रीत तिघे-चौघे काका असा पाहुणचार करतात आणि जेवण मात्र बाराला, उरलेले. आमची विनंती आहे की ग्लास नको, आठ वाजता ताट वाढावे. मजुरीही आधी ठरवून कागदावर लिहावी. गावातला मुलगा आहे, घरचाच आहे, म्हणून पाकिटात मनाला येईल ते घालू नये.

विजेविषयी दोन शब्द. आवाजात घुंई येते म्हणून प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन काढून टाकण्याची खोड काहींना असते. वाजवणाऱ्याचा हात धातूच्या तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी हा जिवाशी खेळ आहे. घुंई घालवण्यासाठी डीआय बॉक्स नावाची छोटी डबी मिळते. बेस तिच्यात जोडायची आणि तिथून मिक्सरला न्यायची. लांब वायरीतही आवाज स्वच्छ राहतो. आणि बेस साध्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडू नये. खालच्या सुराला पुष्कळ हवा हलवावी लागते, त्यासाठी मोठा स्पीकर आणि जास्त ताकद लागते. मागे आमच्या सरावात हे केले आणि स्पीकरचा कागद फाटला, हे अनेकांना आठवत असेल.

तेव्हा बैठकीपुढे आमची सूचना अशी. नवी बेस सध्या घेऊ नये. आहे तीच जाणत्या कारागिराकडे नेऊन दांडा सरळ करून घ्यावा, तारांची उंची बसवून घ्यावी. डीआय बॉक्स, चांगली वायर आणि रुंद पट्टा घ्यावा. भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. पैसे उरले तर बेससाठी योग्य असा अ‍ॅम्प्लिफायर, जुना मिळाला तरी चालेल. आणि भक्तिगीतांच्या वार्षिक कार्यक्रमाची पत्रिका छापताना गायकांबरोबर वादकांचीही नावे घालावीत. याला काहीच खर्च नाही. गेली कित्येक वर्षे आपण ती घातलेली नाहीत, आणि ही चूक पत्रिका तयार करणाऱ्या आमची आहे.

१९७२ साली लंडनमध्ये पॉल मॅकार्टनी यांचीही एक बेस चोरीला गेली होती, व्हायोलिनच्या आकाराची. ती शोधण्यासाठी काही लोकांनी मोहीम काढली आणि पन्नासएक वर्षांनी ती एका घराच्या माळ्यावर सापडली. २०२४ साली ही बातमी सगळीकडे आली होती. जेमरसन यांची मात्र अजून सापडलेली नाही.

येत्या शनिवारी सरावाआधी अर्धा तास, साडेपाचला, ‘माय गर्ल’ आणि आपल्या प्रवेशगीताचे मुद्रण मोठ्या स्पीकरवर लावून ऐकणार आहोत. प्रवेशगीत दोनदा लावू, एकदा बेससह आणि एकदा बेस बंद करून. गायकवृंदातील सर्वांनी, आणि ज्यांना वाटते की फरक कळणार नाही त्यांनी विशेष करून यावे. हेडफोन असल्यास आणावा.