मत्स्यपेटीचे स्थलांतर : घाई नको, क्रम हवा

दिवाणखान्यातील मत्स्यपेटी ही घराची शोभा असते. परंतु रंगकाम निघाले, भिंतीला ओल आली किंवा फर्निचरची नवी मांडणी ठरली की तीच पेटी अडचणीची वाटू लागते. ‘जायचे तर चार फुटांवरच आहे, अर्धे पाणी काढू आणि दोघे-तिघे मिळून सरकवू’ असा विचार अनेक घरांत होतो. अपघाताचे मूळ नेमके याच विचारात असते. अंतर कमी असले तरी वजन, काच आणि आतले जीवन या तिन्ही गोष्टी तेवढ्याच नाजूक राहतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या करून एकेक हलविणे, हेच या कामाचे सूत्र होय.

वजनाचे गणित

४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी घेऊ. तिचे घनफळ ९ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर होते. काठाखालची मोकळी जागा आणि तळाचे खडे वगळले, तरी आत २१० लिटरच्या आसपास पाणी राहते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १० मिलिमीटर जाडीच्या काचेचे सुमारे ५० किलो आणि दोन इंच थराच्या खड्यांचे ४० किलो धरले, तर स्टँड सोडूनही एकूण वजन ३०० किलोच्या घरात जाते. हा सारा भार जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर उभा असतो.

जागेची निवड

राहत्या खोल्यांच्या जमिनीवरील भार भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) या १९८७ च्या संहितेत दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरला आहे. पेटीखालच्या जागेवर येणारा भार याहून बराच अधिक असतो. स्लॅब हा भार आजूबाजूला पसरवतो, म्हणून सहसा धोका उद्भवत नाही. तथापि खोलीच्या मध्यभागापेक्षा तुळईवर उभ्या असलेल्या भिंतीलगतची जागा अधिक सुरक्षित असते. बाहेर काढलेल्या बाल्कनीत अशी पेटी ठेवू नये. पेटी याहून मोठी असेल किंवा इमारत जुनी असेल, तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. नव्या जागी थेट ऊन येऊ नये, विजेचा बोर्ड पाण्याच्या थेंबांपासून दूर असावा आणि दाराची फळी पेटीवर आपटण्याचा संभव नसावा.

पेटी रिकामी करताना

हलविण्याच्या एक दिवस आधी माशांना खाद्य देऊ नये. त्यामुळे बादलीतील पाणी लवकर दूषित होत नाही. सर्वप्रथम सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. ज्या प्रदेशांत हिवाळा कडक असतो तेथे पेटीत हीटर असतो. बंद केल्यावर १५ ते २० मिनिटे तो पाण्यातच थंड होऊ द्यावा. गरम असताना बाहेर काढल्यास त्याची काच तडकते.

त्यानंतर लवचीक नळीने पाणी स्वच्छ, साबण न लागलेल्या बादल्यांत काढावे. नळी तोंडाने ओढू नये. निदान निम्मे पाणी जपून ठेवावे. पाणी उतरल्यावर मासे जाळीने पकडणे सोपे जाते. त्यांना याच पाण्याच्या बादलीत, वर झाकण ठेवून आणि हवेचा पंप लावून ठेवावे.

फिल्टरमधील स्पंज आणि खडे यांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू मुख्यतः तेथेच वसलेले असतात. स्पंज नळाखाली धुतला तर पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. म्हणून स्पंज व खडे पेटीच्याच पाण्यात हलके विसळून, त्याच पाण्यात बुडवून ठेवावेत.

उचलणे व बसविणे

काचेच्या पेटीचे सांधे सिलिकॉनने जोडलेले असतात. थोडेही पाणी आत राहिले तर ते हलताना एका बाजूस झुकते, तळाच्या काचेला पीळ बसतो आणि सांधा कमकुवत होतो. त्याचा परिणाम त्याच क्षणी दिसेलच असे नाही. काही दिवसांनी रात्री गळती सुरू होऊन खालच्या मजल्यावरील घराचे छतही भिजू शकते. यास्तव पाणी, खडे, दगड आणि सजावट सर्व बाहेर काढूनच पेटी उचलावी.

रिकामी पेटीही ५० किलोची असल्याने चार जण असणे श्रेयस्कर. हातात रबरी मोजे आणि पायांत जाड बूट घालावेत. वरच्या काठाला न धरता तळाखाली हात घालावेत, गुडघ्यांत वाकून उचलावे आणि एकाच्या सूचनेने सर्वांनी एकत्र चालावे. वाट आधीच मोकळी व कोरडी करावी. मुलांना दुसऱ्या खोलीत बसवावे. स्टँड वेगळा न्यावा.

नव्या जागी स्टँडची सपाटी पाणसळीने लांबी-रुंदीच्या दोन्ही दिशांत तपासावी. तळाच्या काचेखाली थर्माकोलचा अखंड पत्रा घालावा. पेटी ज्या चौकटीवर तोललेली असते तिच्या बाबतीत मात्र उत्पादकाची सूचना पाळावी. एक तृतीयांश पाणी भरून थांबावे, सांधे व सपाटी पुन्हा पाहावी आणि मगच पुढे भरावे.

माशांची परतफेड

जुने पाणी प्रथम घालावे. कमी पडेल तेवढे नवे पाणी क्लोरीननाशक औषध मिसळून वापरावे. फिल्टर लगेच सुरू करावा. बादलीतील आणि पेटीतील पाण्याचे तापमान सारखे झाल्यावर, पेटीतील पाणी थोडे थोडे बादलीत मिसळत अर्ध्या तासाने मासे सोडावेत. त्या दिवशी दिवा बंद ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी अल्प खाद्य द्यावे. पुढील दोन आठवडे चाचणीसंचाने अमोनिया पाहत राहावे. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागल्यास तत्काळ पाव भाग पाणी बदलावे.

या साऱ्या कामास अर्धा दिवस लागतो. पाहुणे येण्यापूर्वीच्या तासाभरात ते उरकू नये. सुटीची सकाळ आणि मदतीस चार माणसे असतील, तर ही जिवंत शोभा घराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सुखरूप पोहोचते.