रिकामं उत्तर आलं म्हणजे ‘नाही’ असं नसतं

फायरवॉलचे नियम हल्ली नुसत्या आयपी पत्त्यांवर लिहून भागत नाही. ते डिरेक्टरीतल्या गटांवर लिहिले जातात. अमुक गटातल्या माणसालाच पगाराच्या सर्व्हरवर जाऊ द्या, बाकीच्यांना अडवा. त्यामुळे अलर्ट आला की सिक्युरिटी टीममध्ये पहिला प्रश्न असतो, हे खातं कोणकोणत्या गटांत आहे? पूर्वी अ‍ॅनालिस्ट पॉवरशेल उघडून स्वतः बघत. आता ते एआय मदतनीसाला विचारतात आणि तो गट शोधणारं एक छोटं टूल चालवून उत्तर आणतो. हे टूल कधी आणि कसं वापरायचं, हे मदतनीसाला टूलच्या लेखी वर्णनावरूनच कळतं. ते वर्णन एका ओळीत उरकलं तर काय होतं, हे प्रस्तुत लेखकाने एका कंपनीत जवळून पाहिलं.

नाईट शिफ्ट चालू होती. बाहेरच्या कंत्राटदाराच्या खात्यावरून पगाराच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने लॉगिन झालं. मदतनीसाने टूल चालवलं तेव्हा ‘व्हेंडर सपोर्ट’ हा एकच गट परत आला. त्यावरून त्याने लिहिलं, ‘खात्याला विशेष अधिकार नाहीत, प्राधान्य कमी.’ ड्युटीवरच्या मुलाने तिकीट सकाळवर ढकललं. सकाळी सीनिअर बाईंनी डिरेक्टरी हाताने तपासली. व्हेंडर सपोर्ट हा गट हेल्पडेस्कच्या गटात होता, हेल्पडेस्क सर्व्हर सपोर्टच्या गटात, आणि सर्व्हर सपोर्टला त्या मशीनवर अ‍ॅडमिनचे पूर्ण अधिकार होते. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. अशा कामात रात्र वाया जाणं परवडत नाही.

टूलने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्याने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतला ‘मेंबरऑफ’ हा गुणधर्म वाचला, आणि त्यात खातं ज्या गटांत थेट आहे तेवढेच गट दिसतात. गटातला गट दिसत नाही. खात्याचा प्रायमरी गटही दिसत नाही, कारण त्याची नोंद वेगळ्या जागी असते. अनुभवी अ‍ॅडमिनला हे तोंडपाठ असतं. टूलच्या वर्णनात मात्र ‘वापरकर्त्याचे गट परत करते’ एवढंच होतं, आणि मदतनीसाने ते शब्दशः खरं मानलं. त्याला दोष कसा द्यायचा?

गटांची ही साखळी हल्लेखोर मन लावून वाचतात. २०१६ साली डेफ कॉन परिषदेत मांडलेलं ब्लडहाउंड हे टूल नेमकं हेच करतं. साध्या खात्यापासून डोमेन अ‍ॅडमिनपर्यंत गट आणि परवानग्यांमधून जाणारी वाट ते आलेख काढून दाखवतं. यातली बहुतेक माहिती डोमेनमधल्या कोणत्याही साध्या खात्याला मुळातच वाचता येते. बचाव करणाऱ्यांचं टूल एकाच पायरीवर थांबत असेल, तर ते वर्णनात ठळकपणे लिहिलंच पाहिजे.

म्हणून टूल काय करतं याच्या आधी ते काय बघत नाही, ते लिहावं. सगळी साखळी हवी असेल तर डिरेक्टरीतल्या एलडॅपच्या शोधात १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ या क्रमांकाचा नियम वापरता येतो, पण त्यातही प्रायमरी गट सुटतो. ‘टोकनग्रुप्स’ वाचलं तर प्रायमरी गट येतो, पण तिथे फक्त सिक्युरिटी गट असतात. मेलसाठीचे डिस्ट्रिब्यूशन गट येत नाहीत. आपल्या टूलने यातला कोणता रस्ता धरला आहे, हे वर्णनातच असावं.

उलट्या दिशेने, म्हणजे गटाचे सदस्य विचारताना, आणखी एक खड्डा आहे. विंडोज सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १५०० सदस्यच देतो. पुढचे तुकड्यांनी मागावे लागतात. गट त्याहून मोठा असला की ‘मेंबर’ हे नाव रिकामं येतं आणि पहिला तुकडा ‘मेंबर’ला शून्य ते १४९९ अशी पट्टी जोडलेल्या नावाखाली येतो. ज्या टूलला हे माहीत नाही, त्याला चार हजार माणसांचा गट रिकामा दिसतो.

रिकाम्या उत्तराचे अर्थ तरी किती! खातं आहे पण गट नाहीत, खातंच सापडलं नाही, वाचायची परवानगी नाही, सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही, यादी अर्धवट आली. या प्रत्येक स्थितीला टूलने वेगळा शब्द द्यावा आणि त्या शब्दावरून कोणता निष्कर्ष काढायचा नाही, हेही डॉक्युमेंटेशनमध्ये लिहावं. ‘सेल्स (मुंबई)’ असं कंसवालं नाव थेट शोधात घातलं तर शोधच मोडतो, कारण एलडॅपच्या फिल्टरमध्ये कंसाला खास अर्थ आहे. नाव सुरक्षित करण्याची जबाबदारी टूलची की विचारणाऱ्याची, तेही ठरवून लिहावं. नावावर फार विसंबूही नये. जर्मन विंडोजवर डोमेन अ‍ॅडमिन्सचं नाव वेगळं असतं, पण त्या गटाच्या ओळख क्रमांकाचा शेवट सगळीकडे ५१२ च असतो.

वेळेचा मुद्दा हमखास राहून जातो. टूल ‘आत्ता’चं सांगतं, अलर्ट मात्र रात्री दोनचा असतो. मधल्या वेळात कुणाला गटातून काढलं असेल, तर नोंद शोधायला विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमधले इव्हेंट ४७२९, ४७३३ आणि ४७५७ बघावे लागतात. शिवाय लॉगिनच्या वेळी मिळणाऱ्या केर्बेरॉसच्या तिकिटात गट आधीच भरलेले असतात आणि त्याची मुदत सहसा १० तासांची असते. त्यामुळे डिरेक्टरीतून नाव गेलं तरी जुनं तिकीट चालू राहू शकतं.

गटाच्या ‘डिस्क्रिप्शन’मधला मजकूर अधिकार असलेला कुणीही लिहू शकतो. मदतनीसाला उद्देशून तिथे सूचना लिहून ठेवणं शक्य आहे. टूलकडून आलेला मजकूर ही फक्त माहिती आहे, आज्ञा नव्हे, हे वर्णनात लिहावं. तेवढ्याने भागत नाही, म्हणून टूलला फक्त वाचायचा अधिकार द्यावा.

त्या कंपनीत सीनिअर बाई आणि टूल लिहिणारा मुलगा यांनी शेजारी बसून वर्णन नव्याने लिहिलं. ‘थेट गटच देते. गटातले गट आणि प्रायमरी गट देत नाही. या उत्तरावरून अधिकार नाहीत असं म्हणू नये. त्यासाठी पूर्ण साखळीचं टूल चालवावं.’ त्याखाली तीन चाचणी खाती नोंदवली: एक तीन पायऱ्या खोल गटातलं, एक फक्त प्रायमरी गट असलेलं आणि एक १५०० हून मोठ्या गटातलं. टूलमध्ये बदल झाला की ही तिन्ही खाती पुन्हा तपासायची आणि वर्णनावर नवी तारीख घालायची, असं त्यांनी ठरवलं.