येहूची हांकणी आणि याकोबाची चाल
ट्रकच्या धंद्यांत नव्यानें शिरणाऱ्या तरुणांसाठीं व त्यांच्या मंडळ्यांसाठीं एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग: उत्पत्ति ३३:१–१७, २ राजे ९:१४–२४, प्रेषितांचीं कृत्यें २०:७–१२, लूक १०:२५–३७.

अवर्षणाच्या मुलखांतून, विशेषेंकरून अहिल्यानगर, बीड, जालना व सोलापूर ह्या जिल्ह्यांतून, तरुण माणसें पोटासाठीं बाहेर पडतात हें कांहीं नवें नाहीं. पूर्वीं कोणी मुंबईच्या गिरणींत गेला, कोणी ऊसतोडीस गेला; आतां पुष्कळ जण मालाच्या ट्रकवर जातात, आणि आमच्या मंडळ्यांतील मुलगेही त्यांत आहेत. कित्येक वडील माणसें ड्रायव्हर हें नांव ऐकतांच नाक मुरडतात. आपल्या घरांतील मीठ, घरावरचे पत्रे आणि उपासनामंदिरांतील बांकें कशांतून गांवांत आलीं, ह्याचा त्यांनीं विचार करावा. धंदा प्रामाणिक आहे व देशाला त्याची गरज आहे. परंतु तो जीवावर बेतणाराही आहे. आपल्या देशांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, असा सरकारचा आंकडा आहे. म्हणून ह्या धंद्यांत ज्यास शिरावयाचें आहे त्यानें एक प्रश्न आधींच सोडवून ठेवावा: गाडीची चाल कोण ठरविणार?

इज्रेलच्या बुरुजावरील पहारेकऱ्यानें येहूची टोळी दुरून पाहिली. त्यास कोणाचा चेहरा दिसत नव्हता. तरी हांकण्याच्या रीतीवरून त्यानें ओळखलें कीं हा येहूच असावा. येहू बेफाम हांकीत असे आणि तें सर्वांस ठाऊक होतें. त्याच्या हातीं देवानें मोठें कार्य दिलें होतें. तथापि शास्त्र त्याच्या हांकणीची स्तुति करीत नाहीं, केवळ नोंद करितें.

आतां याकोबाकडे पाहा. एसाव चारशें माणसें घेऊन भेटीस आला आहे. तो थोरला, बलवान, आणि आपण बरोबर जाऊं असें त्याचें म्हणणें. याकोब त्यास धनी म्हणूनच बोलतो, परंतु त्याच्या चालीनें जाण्यास नकार देतो. मुलें कोंवळीं आहेत, मेंढ्या व गाई पिलांस पाजीत आहेत. एक दिवस जरी त्यांस फाजील हांकलें तरी कळप मरेल. म्हणून मी त्यांच्या पावलानें सावकाश येतों, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पुढें तो सेईरास न जातां सुक्कोथास गेला, म्हणून हें सर्व निमित्तच होतें असें कित्येक समजतात. असेल. पण निमित्त म्हणून सांगितलेली गोष्टही मेंढपाळाच्या अनुभवाची होती. नाहीं तर एसावास ती पटली नसती.

आपण खेड्यांतील माणसें हें लवकर समजतों. बैल थकला म्हणजे मान टाकतो. बाजाराहून रात्रीं परततांना गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल ओळखीच्या वाटेनें येऊन दारांत उभे राहतात. ट्रकच्या इंजिनास थकवा येत नाहीं, व वाटही ठाऊक नसते. तेथें थकणारा प्राणी एकच, आणि तो स्टिअरिंग धरून बसलेला असतो. याकोबानें पाडसांकडे पाहून चाल ठरविली. ट्रकवाल्यानें ती स्वतःच्या देहाकडे पाहून ठरवावी.

एक उदाहरण घेऊं. लासलगांवाहून कांदा भरून दिल्लीच्या आझादपूर बाजारांत न्यावयाचा आहे. मालेगांव, धुळें, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा अशी वाट. अंतर सुमारें १,२०० किलोमीटर. चढ, टोलनाके व वस्त्या जमेस धरून भरल्या गाडीची सरासरी तासास ४० किलोमीटर धरिली, तर चाकें ३० तास फिरलीं पाहिजेत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानें चालकाचें काम दिवसास ८ तास, व लांब पल्ल्यावर फार तर १० तास ठरविलें होतें. त्या मापानें हा प्रवास तीन पूर्ण दिवसांचा होतो. कांदा नासणारा माल. व्यापाऱ्यास तो दोन दिवसांत पाहिजे असतो. उरलेला एक दिवस ड्रायव्हरच्या झोंपेंतून काढिला जातो. सदर कायदा पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांनाच लागू होता, आणि आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालक पुष्कळ. त्यामुळें कित्येक ड्रायव्हरांपर्यंत तो कधीं पोंचलाच नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या नव्या श्रमसंहितेनें घेतली आहे. कायदा बदलो कीं राहो, देहाची गरज तीच राहते.

झोंपेविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण तरुणांस वाटतें कीं मन घट्ट केलें म्हणजे झोंप जिंकतां येते. दारू पिऊन गाडी चालविण्याचा गुन्हा आपल्या कायद्यांत रक्ताच्या १०० मिलिलिटरांत ३० मिलिग्रॅम मद्याच्या पुढें धरिला जातो. सतत १७ तासांहून अधिक जागा असलेल्या मनुष्याचे हात व डोळे त्याहूनही अधिक मद्य घेतलेल्या मनुष्यासारखे मंद होतात, असें परीक्षणांत आढळलें आहे. म्हणजे ज्यानें आयुष्यांत दारूला स्पर्श केला नाहीं असा बंधुही पहांटे तीन वाजतां नशेंत गाडी हांकीत असूं शकेल. रात्रीं दोनपासून पहांटे पांचपर्यंतचा काळ सर्वांत वाईट, कारण त्या वेळीं देह आपणहून निजावयास पाहतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पुरा खुला झाला. त्यासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर तर डोळे उघडे असूनही मन निजतें. जागें राहण्यासाठीं कोणी गोळ्या, कोणी अफूचीं बोंडें घेतात. त्यानें झोंप टळत नाहीं, फक्त ती आल्याचें कळत नाहीं.

त्रोवस येथें युतुख नांवाचा तरुण खिडकींत बसून पौलाचें भाषण ऐकत होता. त्यास गाढ झोंप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला. खोलींत पुष्कळ दिवे होते, बोलणारा प्रत्यक्ष पौल होता, तरी झोंप आली. लूक त्या मुलास एका शब्दानेंही दोष देत नाहीं. झोंप येणें हें पाप नव्हे. मात्र ज्यास झोंप येत आहे त्यानें खिडकींत बसूं नये, एवढें शहाणपण आपण घ्यावें; आणि ट्रकची बैठक ही खिडकीच आहे. डोळे जड झाले, मागील दोन मैलांतलें कांहीं आठवेनासें झालें, कीं पुढच्या धाब्यावर किंवा पेट्रोलपंपावर गाडी लावावी व निजावें. चहा नंतर.

परंतु मालकास नाहीं म्हणतां येईल काय? मला वाटतें, ह्या पाठाचें मर्म येथें आहे. याकोबानें एसावास नकार देण्यापूर्वीं काय केलें तें अकराव्या वचनांत वाचा. त्यानें आपली भेट एसावास आग्रहानें स्वीकारावयास लाविली. जुना हिशेब आधीं मिटला, मग तो मोकळेपणीं बोलला. ट्रकच्या धंद्यांत याच्या उलट होतें. लग्न, आजारपण किंवा विहिरीचें काम निघालें म्हणजे मुलगा गाडीवर चढण्याआधींच मालकाकडून उचल घेतो, जशी ऊसतोडीला मुकादमाकडून घेतात तशीच. मग मालक म्हणेल ती चाल त्याची चाल होते. उचल न घेतां जो कामाला लागतो त्याचा पगार तितकाच असेल. पण सेंधव्याच्या घाटाखालीं रात्रीं एक वाजतां मालकाचा फोन आला असतां, मी चार तास निजून निघतों, असें सांगावयास त्याची जीभ धजते.

पगाराची रीतही नीट विचारून घ्यावी. कांहीं मालक महिन्याचा पगार व रोजचा भत्ता देतात. कांहीं जण फेरीची ठोक रक्कम हातीं ठेवितात; डिझेल व जेवणखाण भागवून उरेल तें ड्रायव्हरचें. ह्या दुसऱ्या रीतींत मोह आहे. चार पैशांचें डिझेल वाचावें म्हणून उतारावर गिअर काढून गाडी तशीच सोडितात. मग सर्व भार ब्रेकांवर पडतो, ते तापतात, आणि तापलेले ब्रेक धरीत नाहींत. कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट ज्या गिअरांत चढावा लागतो त्याच गिअरांत उतरावा, हें जुन्या उस्तादांचें शिकविणें सोन्यासारखें आहे.

परवान्याची वाट थोडक्यांत अशी. हलक्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षीं मिळतो. तो निदान एक वर्ष जवळ असल्याशिवाय मालवाहू गाडीचा शिकाऊ परवाना मिळत नाहीं, आणि त्यास वय वीस वर्षें पुरें लागतें. डॉक्टरांचा दाखला लागतो; डोळे तपासतांना लबाडी करूं नये. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ सालीं काढून टाकिली. ही सवलत दयेची आहे, तरी रस्त्यावरील पाट्या, मालाची बिल्टी व वजनकाट्याची पावती वाचतां न येणारा मनुष्य दुसऱ्याच्या हातीं जातो. भार अधिक भरला तर दंड वीस हजार रुपये, व वरच्या प्रत्येक टनास दोन हजार. वाचतां येणारा ड्रायव्हर काट्यावरच हरकत घेऊं शकतो. उपदेशकांनीं अशा मुलांस संध्याकाळीं तासभर शिकविलें तर तें खरें सेवाकार्य होईल. वर्ष दोन वर्षें चांगल्या उस्तादाजवळ क्लीनर म्हणून काढावीं. टायरची हवा, ताडपत्री, दोर बांधणें आणि मुख्य म्हणजे धीर, हीं तेथेंच शिकावयास मिळतात.

चांगल्या शोमरोन्याची कथा सर्वांस पाठ आहे, आणि ती रस्त्यावरच घडली. जखमीस उचललें तर पोलिसांचा ससेमिरा लागेल ह्या भयानें पूर्वीं पुष्कळ जण गाडी पुढें दामटीत. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं कलम १३४अ घालण्यांत आलें. सद्भावनेनें मदत करणारावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं, असें तें सांगतें. आणि त्याखालील नियमांप्रमाणें त्यास आपलें नांव सांगण्याची सक्ति करितां येत नाहीं. शोमरोन्याचें नांवही कोठें लिहिलेलें नाहीं. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे.

आतां मंडळीविषयीं. जो तीन रविवार दिसला नाहीं त्यास थंड पडला म्हणून वहींत खूण करणें सोपें आहे. तो त्या वेळीं ग्वाल्हेरजवळ टायर बदलीत असेल. पाळकांनीं अशांची निराळी यादी ठेवावी, आणि तो मंगळवारीं घरीं आला तर मंगळवारीं त्याच्या घरीं प्रार्थना करावी. प्रभुभोजनासही त्याची सोय पाहावी. घरच्या स्त्रीस हिशेब लिहितां येईल असें करावें, कारण महिन्याचे पंचवीस दिवस घर तीच चालविते. आणि कोणी उचल घ्यावयास निघाला आहे असें कळलें, तर मंडळीच्या बचतगटांतून त्याची गरज भागेल काय हें पंचांनीं त्याच आठवड्यांत पाहावें. उशीर झाला तर त्याची चाल दुसऱ्याच्या हातीं गेलीच म्हणून समजा.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

येहूस पहारेकऱ्यानें कशावरून ओळखलें? आपल्या गांवांतील ड्रायव्हरांस लोक कशावरून ओळखतात?

एसावास नकार देतांना याकोबाचे शब्द कसे होते? मालकास अशाच रीतीनें काय सांगतां येईल, तें दोघांनीं उभें राहून बोलून दाखवावें.

युतुखाच्या पडण्यानंतर पौलानें काय केलें, व त्या मुलाचें काय झालें?

आपल्या मंडळींतून ट्रकवर किती जण आहेत? त्यांपैकीं किती जणांच्या अंगावर मालकाची उचल आहे?