गोळी कालची, पेला आजचा

लालबाग-परळच्या चाळीत लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद कशी असते, हे तिथल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. गॅलरीत दिव्यांच्या माळा, खाली अंगणात बॅन्जो, आणि गच्चीवर मोठ्या माणसांची वेगळी बैठक. दोन वर्षांपूर्वी अशाच एका हळदीला आमच्या शेजारचे पन्नाशीचे एक गृहस्थ जिन्यावरून पडले. जिना लाकडी आणि उभा. खुब्याचे हाड मोडले. ते तीन पेग प्यायले होते. पूर्वी तीन पेगांनी त्यांची चाल बदललेली कोणी पाहिली नव्हती. फरक एवढाच, की चार महिन्यांपासून ते नैराश्यावरचे औषध घेत होते, रोज रात्री दहा वाजता अमिट्रिप्टिलीनची एक गोळी.

त्यांचा मुलगा नववीत होता. तो वही घेऊन माझ्याकडे आला, पण प्रश्न वहीतला नव्हता. "काका, डॉक्टरांनी गोळीबरोबर दारू नको असं सांगितलं होतं. म्हणून तर बाबांनी त्या रात्री गोळी घेतलीच नव्हती. मग असं कसं झालं?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो, औषधशास्त्र नव्हे. पण या प्रश्नाचे निम्मे उत्तर गणितात आहे, आणि ते गणित तुम्हाला येते.

आधी औषध काय करते ते पाहू. नैराश्य म्हणजे कोणाचा मनाचा कमकुवतपणा नव्हे. तो मधुमेहासारखा, रक्तदाबासारखा एक आजार आहे. मेंदूतील रसायनांशी त्याचे काही नाते असावे अशी शंका शास्त्रज्ञांना ज्या वाटांनी आली, त्यांतली एक वाट आपल्या परळमधून जाते. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीने उच्च रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवर पद्धतशीर नोंदी ठेवून दाखवले. त्यांचा लेख १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. पुढे १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. ते जगभर वापरात आले तेव्हा डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रक्तदाब उतरत होता, पण काही रुग्ण खिन्न होत होते.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत असे आढळले, की रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन यांचे साठे रिकामे करते. मेंदूतील दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यात एक अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी या फटीत रसायन सोडते, दुसरी ते टिपून घेते, आणि उरलेले रसायन पहिली पेशी पुन्हा शोषून घेते. अमिट्रिप्टिलीनसारखी औषधे हे परत शोषण अडवतात, त्यामुळे रसायन फटीत अधिक वेळ टिकते. 'रसायन कमी म्हणजे नैराश्य' इतके सोपे हे प्रकरण नाही, हे आता सर्वांना मान्य आहे. रेसर्पिनने खरोखर किती जणांना नैराश्य आले यावरही वाद आहेत. पण औषधे फटीपाशी काम करतात, याविषयी वाद नाही.

अमिट्रिप्टिलीन आणखी एक काम करते, न सांगता. मेंदूला जागे ठेवणाऱ्या हिस्टामिन या रसायनाचा मार्ग ते बंद करते. सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांनी झोप येते ती याच कारणाने. म्हणून ही गोळी बहुधा रात्री देतात.

आता मद्यार्क. तोही याच फटींपाशी जातो. मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन आहे, त्याचे काम ब्रेक लावण्याचे. दारू हा ब्रेक अधिक जोराने दाबते आणि ग्लुटामेट नावाच्या चेतवणाऱ्या रसायनाचा जोर कमी करते. म्हणजे दारू ब्रेक दाबते आणि गोळी जागेपणाचे इंजिन मंद करते. तोल सांभाळणे, पायरीचा अंदाज घेणे आणि श्वास नियमित चालवणे ही कामे त्याच यंत्राची. तीन पेगांना सरावलेला मेंदू तीन पेग अधिक गोळीला सरावलेला नसतो.

तुम्ही म्हणाल, पण गोळी तर घेतलीच नव्हती! आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये गलग्रंथीच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन देतात. आयोडीन-१३१चे अर्धायुष्य ८ दिवस, हे तुम्ही वाचले असेल. आठ दिवसांत निम्मे उरते, पुढच्या आठ दिवसांत निम्म्याचे निम्मे. शरीरातील बहुतेक औषधेही याच नियमाने कमी होतात, कारण मात्र वेगळे असते. अमिट्रिप्टिलीनचे अर्धायुष्य माणसागणिक बदलते, साधारण १० ते २८ तास. सोयीसाठी आपण २४ तास धरू आणि गोळी घेताच रक्तात उतरते असे मानू.

पहिल्या रात्री एक गोळी घेतली. दुसऱ्या रात्री तिच्यातली अर्धी शिल्लक आहे, त्यावर नवी एक, म्हणजे दीड. तिसऱ्या रात्री दीडचे निम्मे पाऊण आणि नवी एक, पावणेदोन. असेच पुढे चालवा. १ + १/२ + १/४ + १/८ … ही भूमितिश्रेणी आहे आणि तिची बेरीज २ कडे सरकत जाते. आठवड्याभरात माणूस रात्री गोळी गिळतो तेव्हा त्याच्या शरीरात जवळजवळ दोन गोळ्या असतात. बारा तासांनी, म्हणजे सकाळी दहाला, साधारण १.४. आणि दुसऱ्या रात्री दहाला?

त्या मुलाने पेन्सिलीने आकडा लिहिला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. एक. त्याच्या वडिलांनी त्या रात्री गोळी घेतली नव्हती, पण पेला हातात घेतला तेव्हा त्यांच्या अंगात एका पूर्ण गोळीइतके औषध होते. शरीरात या औषधापासून नॉरट्रिप्टिलीन नावाचे दुसरे कार्यक्षम द्रव्य तयार होते आणि ते आणखी रेंगाळते. ते हिशेबात धरले तर आकडा वरच जाईल. एक रात्र गोळी चुकवून शरीर मोकळे होत नाही.

दारूचा हिशेब निराळा. ३० मिलिलिटरचा छोटा पेग आणि व्हिस्कीची नेहमीची तीव्रता, ४२.८ टक्के, धरा. मद्यार्काची घनता ०.७९. गुणाकार करा, सुमारे १० ग्रॅम मद्यार्क येतो. तीन पेग म्हणजे ३० ग्रॅम. हा मद्यार्क यकृतातील विकरे मोडतात, पण ताशी ७ ते १० ग्रॅम याच ठरावीक वेगाने. करी रोड स्थानकावर तिकिटाची एकच खिडकी उघडी असावी तसे हे आहे. रांग दहाची असो की शंभराची, मिनिटाला सुटणारे प्रवासी तेवढेच. आलेखावर औषधाची रेषा वक्र उतरते, दारूची सरळ. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅमच्या वर. मध्यरात्री संपवली तर सकाळी सहालाही काही शिल्लक असू शकते. मग तो माणूस स्कूटर काढून कामाला निघतो. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, पण ती मर्यादा गोळी न घेणाऱ्यालाही तीच आणि घेणाऱ्यालाही तीच. यंत्रात फुंकर मारून गोळी कळत नाही.

असा फरक का? गोळीत औषध असते २५ किंवा ७५ मिलिग्रॅम, आणि तीन पेगांत मद्यार्क ३०,००० मिलिग्रॅम. औषधाची रांग इतकी छोटी की खिडक्या रिकाम्याच पडलेल्या. जितके रेणू येतील तितक्या प्रमाणात सुटतात. मद्यार्काची गर्दी खिडक्यांना पुरून उरते. एकाच वेळी दोन्ही पोटात गेले तर आणखी एक गोष्ट होते. गिळलेल्या गोळीचा काही भाग यकृत रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकते, आणि डॉक्टरांनी मात्रा ठरवताना ते धरलेले असते. दारूमुळे ही मोडतोड मंदावते आणि नेहमीपेक्षा जास्त अमिट्रिप्टिलीन रक्तात चढते. म्हणजे 'पिऊन आल्यावरही आठवणीने गोळी घेतली' ही फुशारकी मारण्याची गोष्ट नव्हे. उलट वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या यकृतातील काही विकरे वाढलेली असतात, आणि त्याचे औषध लवकर संपून जाते. मग घरचे म्हणतात, गोळीचा उपयोग होत नाही.

नवीन औषधांचे काय? फ्लुओक्सेटिन अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस संमत झाले; सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम त्याच्याच कुळातली. त्यांच्याने झोप कमी येते आणि दारूबरोबर तोल जाण्याचा धोका जुन्या औषधांहून कमी आहे. हे खरे असले तरी त्यावरून 'चालते' असा निष्कर्ष काढणे चूक आहे. दारू स्वतःच नैराश्य वाढवते. रात्री दाबलेला ब्रेक सकाळी सुटतो तेव्हा मेंदू उलट्या बाजूला झोके खातो: अस्वस्थता, तुटलेली झोप, उदासी. शिवाय प्यायलेल्या माणसाचा स्वतःला आवरण्याचा ताबा सुटतो, आणि ज्याच्या मनात आधीच काळोख आहे त्याला हे फार महागात पडू शकते. ब्युप्रोपिऑन या औषधावर असताना खूप पिणे किंवा रोजचे पिणे एकदम थांबवणे, दोन्हींनी आकडी येऊ शकते.

सर्वांत जुन्या कुळाची गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण थोडक्यात सांगतो. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयामुळे आयसोनायझिड हे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानावरचे आहे. त्याचे एक भावंड, आयप्रोनायझिड, १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातील क्षयरोग्यांना देऊन पाहिले, तर रुग्ण उल्हसित झाले! नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी हे एक. ते शरीरातील एका विकराला बंद पाडते, आणि तेच विकर अन्नातील टायरामिनचा नाश करत असते. मुरलेले चीज, पिंपातली बिअर, काही लाल वाइन यांत टायरामिन असते. ते मोकळे सुटले की रक्तदाब एकाएकी उसळतो, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. १९६३ मध्ये लंडनचे तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी चीजचा हा संबंध उघड केला, तेव्हा सुरुवातीला अनेकांनी तो थट्टेवारी नेला. या कुळातील औषधे आज क्वचितच दिली जातात.

आपल्याकडच्या आसव-अरिष्टांतही आंबवण्याने तयार झालेला मद्यार्क असतो. बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, वाचून पाहा. ते प्रमाण आणि मात्रा पेगाच्या मानाने थोडी असते, पण डॉक्टरांना सांगावे इतकी नक्कीच असते.

आणि सांगण्याचीच तर खरी अडचण. आमच्या शेजाऱ्यांनी पहिल्या भेटीत डॉक्टरांना 'मी पीत नाही' असे सांगितले होते, कारण पत्नी शेजारी बसली होती. ते अस्थिविभागातून घरी आले, मग मुलाने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. पुढच्या भेटीत त्यांनी खरे ते सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. औषध बदलले, मात्रा हळूहळू कमी-जास्त केली. हे डॉक्टरांनीच करायचे. पार्टीसाठी चार दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर चक्कर, चिडचिड, मळमळ होते आणि आजार डोके वर काढू शकतो.

घरात गोळी आणि दारू दोन्ही घेतलेले कोणी गाढ झोपले असेल, हाका मारून उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळता वाटत असेल, तर 'उतरेल' म्हणून वाट पाहू नका. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याच्या बादल्या, मुद्दाम उलटी काढणे यांतले काही करू नका. १०८ ला फोन करा, गोळ्यांचे पाकीट बरोबर द्या, आणि माणसाला एकटे सोडू नका. मनाच्या त्रासाबद्दल बोलायचे असेल, मोठ्यांना किंवा तुम्हाला स्वतःलाही, तर २०२२ साली सुरू झालेला सरकारचा टेलि-मानस हा विनामूल्य क्रमांक आहे: १४४१६.

आता एक गणित तुमच्यासाठी. रोज घेतल्यास फ्लुओक्सेटिनचे अर्धायुष्य ४ ते ६ दिवस होते. ४ दिवस धरा, म्हणजे दर दिवशी ०.८४ पट शिल्लक राहते. श्रेणी अशी: १ + ०.८४ + ०.८४ चा वर्ग + … बेरीज काढा, आणि मग एक दिवस गोळी चुकवली तर किती उरते तेही काढा. नववीतल्या त्या मुलाची बेरीज सहाच्या वर आली, आणि उत्तर बरोबर आहे.